सिनियर फोटोग्राफर नेमकं काय करतो? सातारा-सांगलीच्या लग्नसराईतून समजून घेऊ

शेवटचं मंगलाष्टक संपत आलेलं असतं. भटजींचा सूर वर चढतो, करवल्या हातातला कलश सावरतात, वाजंत्रीवाले तयारीत बसतात. अंतरपाट दूर होतो आणि नवरा-नवरी एकमेकांकडे बघतात, तो क्षण फार तर दोन-तीन सेकंदांचा. लगेच हार, अक्षता, बँड, दोन्हीकडचे मामा आणि वीस-पंचवीस मोबाईल मध्ये येतात. तो फोटो हुकला तर ‘परत एकदा धरा हो अंतरपाट’ असं म्हणता येत नाही.

अशा कार्यात आजकाल चार-पाच जणांची टीम असते. फोटो हुकल्यावर यजमान ज्याला हाक मारतात, तो सिनियर. बाकीच्या व्याख्या याच्यापुढे कच्च्या. कॅमेरा किती लाखांचा आणि दुकान किती वर्षांचं, हे नंतर. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं की सिनियर म्हणजे सगळ्यांत भारी फोटो काढणारा. प्रत्यक्षात त्याचा निम्म्याहून जास्त वेळ कॅमेरा हातात नसताना जातो.

कार्यालयात पाऊल टाकल्यावर

मुहूर्त दुपारी साडेबाराचा असेल तर सिनियर आठ-साडेआठला कार्यालयात हवा. पहिलं काम टीममधल्या सगळ्या कॅमेऱ्यांची घड्याळं सेकंदापर्यंत जुळवणं. ऐकायला किरकोळ वाटतं. पण तीन कॅमेऱ्यांचे फोटो एकत्र करून वेळेनुसार लावले आणि एक घड्याळ सात मिनिटं पुढे असलं, तर कन्यादानात सप्तपदीचे फोटो घुसतात. मग अल्बम लावणाऱ्याचा अख्खा दिवस निवडण्यात जातो.

दुसरं काम उजेड बघण्याचं, कारण आपल्याकडच्या बऱ्याच कार्यालयांत आता सगळे एलईडी दिवे आहेत आणि तिथेच नवखे फसतात. आपली वीज ५० हर्ट्झची. त्यामुळे साध्या एलईडीचा उजेड सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो. डोळ्याला ते कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. शटर (उजेड आत येऊ देण्याचा वेळ) १/१०० किंवा १/५० सेकंद ठेवला तर प्रत्येक फोटोत या चढउताराचा पूर्ण फेरा मावतो आणि उजेड सारखा येतो. १/५०० ठेवला की एक फोटो उजळ, पुढचा काळपट, तिसऱ्यात आडवे पट्टे. सायलेंट शटरवर तर हे पट्टे हमखास येतात, कारण बहुतेक कॅमेऱ्यांत तिथे सेन्सर एका दमात वाचला जात नाही, ओळ-ओळ करत वाचला जातो. भटजींना आवाजाचा त्रास नको म्हणून एखादा सज्जन ज्युनियर सायलेंट शटर लावतो आणि सगळं कन्यादान पट्ट्यापट्ट्यांचं होऊन बसतं. स्टेजमागच्या एलईडी वॉलचं, म्हणजे मोठ्या पडद्याचं, गणित आणखी वेगळं. त्याच्यासमोर आधी चार-पाच शटरवर फोटो काढून, ते मोठे करून बघणं हाच उपाय.

मग अक्षता पडताना १/१०० ला हात आणि हार हललेले दिसणार, त्याचं काय? तिथे फ्लॅश कामाला येतो. फ्लॅशची झळक शटरपेक्षा कितीतरी आखूड असते, त्यामुळे त्याच्या उजेडातल्या वस्तू जागच्या जागी थिजतात. शटर १/२०० च्या आसपास, एफ ४ (लेन्सच्या छिद्राचं माप), आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपायची क्षमता) १६०० ते ३२०० आणि बाजूने बेताचा फ्लॅश, एवढ्यावर अक्षतेचा दाणा हवेत दिसतो आणि मागचं कार्यालयही काळं पडत नाही. शटर आणखी वाढवायचा मोह आवरावा. बहुतेक कॅमेऱ्यांत १/२०० किंवा १/२५० च्या पुढे साधा फ्लॅश पूर्ण फोटोला पुरत नाही, एका बाजूला काळी पट्टी येते. हाय स्पीड सिंकने (वेगवान शटरशी फ्लॅश जुळवायच्या सोयीने) ती जाते, पण फ्लॅशचा जोर खूप घटतो.

मांडवात फ्लॅश छताकडे वळवून बाऊन्स करायची सवयही घात करते. छताला गुलाबी कापड असेल तर चेहरे गुलाबी होतात, हिरवी झालर असेल तर नवरी आजारी दिसते. छत वीस फुटांच्या वर गेलं की बाऊन्स करून काही पदरात पडत नाही. अशा ठिकाणी छत्री किंवा सॉफ्टबॉक्स लावलेले दोन लाईट स्टेजच्या दोन्ही अंगांना, जमिनीपासून सात-आठ फुटांवर, ४५ अंशांत लावतात आणि ट्रिगरवर, म्हणजे कॅमेऱ्यावरूनच, चालवतात. स्टँडच्या पायावर वाळूची पिशवी हवीच, कारण लहान मुलं त्याच वाटेने पळतात.

तिसरं काम माणसांशी बोलण्याचं. भटजींना नमस्कार करून विचारायचं, ‘गुरुजी, मंगलाष्टकं किती म्हणणार?’ काही ठिकाणी हौशी आत्यांनी स्वतः रचलेली तीन-चार वाढतात, त्यावर जागेवर जायची वेळ ठरते. दोन्हीकडच्या मामांना हळूच सांगायचं, ‘मामा, अंतरपाट पडला की अर्धं पाऊल मागं घ्या, तुमचाबी फोटो चांगला येईल.’ आधी सांगितलं तर माणसं ऐकतात. ऐनवेळी ओरडलं की अपमान वाटतो, आणि लग्नात मानपानाचं तुम्हाला माहीतच आहे.

मग जागा वाटून द्यायच्या. सिनियर अंतरपाटाच्या कडेच्या बाजूला, म्हणजे दोघंही त्याला सारख्या अंतरावर बाजूने दिसतील असा. सेकंड, म्हणजे टीममधला दुसरा फोटोग्राफर, नवऱ्याच्या खांद्यामागून नवरीच्या चेहऱ्यावर. व्हिडिओवाला समोरच्या अंगाला, दोन्ही फोटोग्राफरांच्या फ्रेमच्या बाहेर. दोन फोटोग्राफर शेजारी-शेजारी उभे राहिले तर एकच फोटो दोनदा मिळतो आणि नवरीच्या आईच्या डोळ्यांतलं पाणी कुणालाच मिळत नाही.

स्टेजवरची रांग

जेवणाच्या पंगती सुरू झाल्या की स्टेजवर भेटीची रांग लागते. दोन तास, सात-आठशे माणसं. इथे कला कमी, शिस्त जास्त. नवखा फ्लॅश पूर्ण जोरावर लावतो. पाऊण तासात तो तापून बंद पडतो, नेमका आमदार स्टेजवर चढताना. जोर १/८ ते १/४ वर ठेवून आयएसओ ८०० च्या पुढे नेला की फ्लॅश रांग संपेपर्यंत टिकतो. एका ओळीला एफ ५.६ पुरतो, तीन ओळी झाल्या की एफ ८.

मोठ्या कुटुंबाच्या फोटोत एक गणित उपयोगी पडतं. लाईट एकच असेल, जवळचा माणूस त्याच्यापासून ५ फुटांवर आणि लांबचा १० फुटांवर, तर लांबच्यावर चौपट कमी उजेड पडतो. म्हणून काकांचा चेहरा जळतो आणि टोकाची मावशी अंधारात जाते. तोच लाईट दहा फूट मागे घेतला, म्हणजे अंतरं १५ आणि २० फूट झाली, तर फरक पावणेदोन पटीवर येतो. त्यासाठी जोर नऊपट लागतो, पण तो थोडा फ्लॅशने, थोडा आयएसओने भागवता येतो.

कुणाचे कोणाबरोबर फोटो हवेत, याची यादी आठवडाभर आधी घरातल्या एका माणसाकडून लिहून घ्यायची. तो माणूस नवऱ्याचा बाप नको, त्याला त्या दिवशी वेळ नसतो. चुलतभाऊ किंवा दाजी चांगले. घरात कोण कोणाशी बोलत नाही, हेही त्याच्याकडूनच कळतं आणि ग्रुप लावताना त्याचा फार उपयोग होतो.

रात्री घरी गेल्यावर

तीन कॅमेऱ्यांचे मिळून साडेचार हजार फोटो धरू. रॉ फाईल (कॅमेऱ्यातली मूळ, प्रक्रिया न झालेली फाईल) ३० एमबीची धरली तर १३५ जीबी होतात. दोन्ही स्लॉटमध्ये कार्ड घालून दोन्हीवर रॉ नोंदवणारा कॅमेरा लग्नाला हवाच, त्याला पर्याय नाही. कार्ड भरलं की डबीत उलटं ठेवायचं, म्हणजे चुकून परत वापरलं जात नाही. कार्यालयात बसून कॅमेऱ्यातले फोटो डिलीट करायचे नाहीत. दोन वेगळ्या डिस्कवर कॉपी होऊन, त्यातले फोटो उघडून बघेपर्यंत कार्ड फॉरमॅट करायचं नाही.

तिसरी कॉपी दुसऱ्या जागेत हवी, आणि सांगलीकरांना याचं कारण सांगावं लागत नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली आणि बाजारपेठेतली दुकानं पाण्याखाली राहिली. २००५ च्या पुरातही दुकानांत पाणी शिरलं होतं. एकाच दुकानात ठेवलेल्या दोन हार्ड डिस्क म्हणजे पुराच्या हिशेबाने एकच कॉपी. एक डिस्क वरच्या मजल्यावर आणि एक नदीपासून लांबच्या पाहुण्याकडे किंवा क्लाऊडवर, अशी वाटणी करावी.

मग निवड. एका फोटोला तीन सेकंद दिले तरी साडेचार हजारांना पावणेचार तास लागतात. त्यातून सहाशे निवडले आणि प्रत्येकाला दीड मिनिट रंग-उजेड दुरुस्त करायला दिलं तर आणखी पंधरा तास. हे काम सिनियरने एडिटरकडे सोपवलं तरी पहिले वीस फोटो त्याने स्वतः लावून द्यायचे असतात, कारण शालूचा लाल रंग हा सगळ्यांत अवघड. तो कॅमेऱ्यात चटकन फाटतो, म्हणजे कापडाची वीण जाऊन नुसता लाल डाग उरतो. काढतानाच उजेड थोडा अंडर, म्हणजे कमी, ठेवला तर वीण आणि जर दोन्ही वाचतात. हळदीच्या कार्यक्रमात उलटी गंमत. ऑटो व्हाईट बॅलन्स (कॅमेऱ्याने आपोआप केलेली रंगांची दुरुस्ती) पिवळ्याला घाबरून सगळं निळसर करतो, म्हणून तिथे तो हाताने ठरवून कुलूपबंद करायचा.

अल्बमची शीट १२ बाय ३६ इंचांची असेल तर ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) तिची लांबी १०,८०० पिक्सेल होते. २४ मेगापिक्सेलच्या फोटोची लांबी ६,०००. म्हणजे एक फोटो पूर्ण शीटवर पसरला तर १६६ डीपीआय मिळतात. हातभर अंतरावरून बघायला ते चालतं. पण तो फोटो आधीच अर्धा कापलेला असेल तर चालत नाही. नवरा-नवरीचा चेहरा शीटच्या मधल्या घडीवर येऊ देणं, ही मात्र माफ न होणारी चूक.

इथवर पोचायची वाट

सुरुवात बहुतेकांची हेल्पर म्हणून होते. लाईटचा स्टँड धरणं, बॅटऱ्या चार्ज करणं, निघताना बॅगेतला माल मोजणं. वर्षभर हे केल्यावर उजेड कुठून यायला हवा हे डोळ्यांना आपोआप कळायला लागतं, आणि ते कुठल्याही क्लासात तितकं पक्कं होत नाही. क्लास, आयटीआय किंवा कलामहाविद्यालयातला अभ्यासक्रम केला असेल तर कॅमेऱ्याची भाषा लवकर येते. पण स्टँड धरायची लाज वाटणाऱ्याचं या धंद्यात अवघड आहे.

पुढची पायरी सेकंडची. इथे दोन-तीन सीझन जातात. सेकंडला जोखीम कमी आणि मोकळीक जास्त, त्यामुळे टीममधले सगळ्यांत सुंदर फोटो पुष्कळदा त्याचेच असतात. इथेच गैरसमज होतो. ‘माझे फोटो मेनपेक्षा (मुख्य फोटोग्राफरपेक्षा) भारी, मग मी सिनियर का नाही?’ कारण मेनला कन्यादान, सप्तपदी, कानपिळी, झाल, पाठवणी हे सगळं न चुकता द्यायचं असतं. सेकंडला त्यातलं एखादं सुटलं तर चालतं.

म्हणून काम मागायला जाताना वीस निवडक फोटो दाखवून भागत नाही. एका अख्ख्या कार्याचे तीनशे-चारशे फोटो क्रमाने दाखवावेत. जाणता माणूस त्यातले चांगले बघत नाही, मधले बघतो. जेवणाची पंगत, रुखवत, कोपऱ्यात बसलेली आजी, संध्याकाळचा पडता उजेड. तिथे दर्जा सांभाळला असेल तर काम मिळतं.

मेन म्हणून पहिल्या ऑर्डरी बारसं, साखरपुडा, वास्तुशांत अशा घ्याव्यात. पाच-सात वर्षांनी लग्नाची जबाबदारी एकट्याच्या नावावर घेता येते. एकट्याच्या नावावर म्हणजे कॅमेरा बंद पडला, सेकंडला ताप आला, हायवेवर गाडी अडकली, तरी काम होणार. दोन कॅमेरा बॉडी, दोन फ्लॅश आणि ऐनवेळी येणारा ओळखीचा माणूस, यांची सोय झाली नसेल तर सिनियर म्हणवून घ्यायची घाई करू नये.

सगळ्यांनी लग्नातच राहावं असंही नाही. वृत्तपत्रातला सिनियर वेगळ्या शिस्तीचा असतो. त्याला फोटोत काही घालता किंवा काढता येत नाही, डावीकडून कोण उभं आहे त्यांची नावं बरोबर लिहावी लागतात आणि पान लागायच्या आत फोटो पोचवावा लागतो. पालच्या खंडोबाच्या यात्रेत तर त्याला भंडाऱ्याशी झुंज द्यावी लागते. तिथे हळदीची पूड हवेत ढगासारखी असते. लेन्स बदलायची नाही, कॅमेऱ्याला पारदर्शक पिशवी रबरबँडने घट्ट बांधायची आणि नंतर काचेवर बसलेली पूड आधी फुंकणीने उडवायची. कापडाने घासली की काचेचा लेप ओरखडतो.

कारखाने आणि मालाची फोटोग्राफी ही तिसरी वाट. सांगलीची हळद, तासगावचा बेदाणा, मिरजेची तंतुवाद्यं, कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीतले सुटे भाग. हळदीचा पिवळा स्क्रीनवर आणि पाकिटावर सारखा दिसत नाही, कारण स्क्रीन उजेडाने रंग दाखवते आणि पाकीट शाईने. हे गिऱ्हाईकाला आधी सांगायचं. तंबोऱ्याच्या भोपळ्याला चकाकी असते. त्यात खिडकी, लाईट आणि फोटोग्राफर स्वतः, तिघंही दिसतात. मोठं पांढरं कापड ताणून त्यामागून उजेड दिला की चकाकी मऊ होते. या कामाला मुहूर्त लागत नाही, त्यामुळे चातुर्मासातही उत्पन्न चालू राहतं.

पावसाळ्यात कास, ठोसेघर, महाबळेश्वरकडे जाणाऱ्यांनी दोनच गोष्टी लक्षात ठेवाव्यात. धुक्यात कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर फसतो आणि पांढरं राखाडी करतो, म्हणून एक्स्पोजर पाऊण ते एक स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड) वर न्यायचं. आणि परतल्यावर ओली बॅग तशीच कपाटात ठेवायची नाही, लेन्सला बुरशी लागते. हवाबंद डब्यात सिलिका जेल ठेवून आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांत राखली तर लेन्स वर्षानुवर्षं टिकते.

पैसा आणि कागद

दर ठरवताना बहुतेक जण सेकंडचा पगार, पेट्रोल आणि अल्बमचा खर्च धरतात आणि कॅमेऱ्याची झीज विसरतात. आकडे फक्त हिशेब कळावा म्हणून धरू. साहित्य ६ लाखांचं, चालणार ४ वर्षं, वर्षाला कार्यं ४०. म्हणजे प्रत्येक कार्यामागे ३,७५० रुपये नुसती झीज. वर्षाला सव्वा लाख क्लिक होत असतील आणि शटरचं आयुष्य कंपनीने दोन लाखांचं सांगितलं असेल, तर दुसऱ्या सीझनच्या शेवटी शटर बदलायचे पैसे बाजूला असायला हवेत. वरच्या जवळजवळ एकोणीस तासांच्या निवड-दुरुस्तीचेही पैसे धरायचे. ते धरले नाहीत तर तो वेळ फुकट जातो, आणि पाहुणा ‘दोन तासांच्या लग्नाचे एवढे?’ असं विचारतोच.

ऑर्डर घेताना अर्धी रक्कम, कार्याच्या दिवशी मोठा हिस्सा आणि अल्बम देताना थोडी, ही वाटणी सोयीची. अल्बमवर मोठी बाकी ठेवली की फोटो निवडायलाच यजमान आठ महिने लावतात. सेवेची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर गेली की जीएसटी नोंदणी लागते आणि या कामावर १८ टक्के कर आहे. कोटेशन देताना तो वेगळा लिहावा.

हक्काबद्दल धंद्यात मोठा गैरसमज आहे. ‘फोटो मी काढला, म्हणजे तो माझा,’ असं पुष्कळांना वाटतं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे, कुणी पैसे देऊन त्याच्यासाठी फोटो काढून घेतला असेल, तर वेगळा करार नसल्यास पहिला मालक तो पैसे देणारा असतो. नवरीचा फोटो इन्स्टाग्रामवर किंवा दुकानाच्या फलकावर लावायचा असेल तर ऑर्डरच्या कागदावर तशी ओळ हवी आणि तिच्याखाली सही हवी. त्याच कागदावर फोटो किती, अल्बमच्या शीट किती, रॉ फाईल मिळणार की नाही आणि फोटो किती महिने जपून ठेवणार, एवढं लिहिलं की पुढची निम्मी भांडणं टळतात.

ड्रोनचंही तसंच. २०२१ च्या ड्रोन नियमांत २५० ग्रॅमच्या आतला ड्रोन सोडला तर व्यवसायासाठी उडवणाऱ्याकडे रिमोट पायलटचं प्रमाणपत्र लागतं. उडवण्याआधी ‘डिजिटल स्काय’ या सरकारी ड्रोन-संकेतस्थळाचा नकाशा बघावा. कराडला धावपट्टी आहे, त्यामुळे तिथल्या ऑर्डरीत हे विसरून चालत नाही. ‘यजमानांनीच सांगितलं उडवायला’ हे उत्तर पोलीस ठाण्यात चालत नाही, आणि तिथे जावं लागतं ते सिनियरलाच, ड्रोन उडवणाऱ्या पोराबरोबर.

पहिल्यांदाच हेल्पर म्हणून जाणाऱ्यासाठी एक बारीक गोष्ट. कपडे काळे किंवा गडद करडे घालावेत. लाल किंवा पोपटी शर्ट घालून नवरीजवळ लाईट धरला की त्या शर्टाचा रंग तिच्या गालावर उतरतो, आणि एडिटर रात्री दोन वाजता तो काढत बसतो.